दुखणं ओढणारी टाकी

"सुटली! सुटली! पोस्टमास्तरांची दाढ सुटली!"

मावशींनी आरोळी ठोकली आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसलेली झाडून सगळी माणसं टाकीकडे धावली. काचेला चिकटलेली एक गोगलगाय हळूच निसटली होती आणि गिरक्या घेत तळाच्या वाळूत उताणी पडली होती. निवृत्त पोस्टमास्तरांनी गालाला हात लावला, डोळे मिटले, जीभ तोंडात चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि जाहीर केलं, "हो हो, हलकं वाटतंय खरं!"

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" मावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. नंबर लावायचा, हत्यारं धुवायची, फोन घ्यायचा ही त्यांची कामं. गेल्या आठवड्यापासून त्यात आणखी एका कामाची भर पडली होती. कुठल्या गोगलगायीनं कोणाचं दुखणं घेतलं, हे त्याच ठरवायच्या.

"मावशी, मला ती डावीकडची द्या," एक ट्रकवाला काकुळतीला येऊन म्हणाला. "डगमगतेय बघा. आता पडेल."

"रांग आहे, भाऊ. ती या ताईंची. तुम्ही मागचा शंख घ्या."

हा दवाखाना दातांचा. आतल्या खोलीत पेशंटची खुर्ची रिकामी, दिवा चालू, हत्यारं मांडून ठेवलेली. आणि बाहेर जत्रा. आतल्या दारात डॉक्टर उभी होती. तोंडावर मास्क होता म्हणून बरं, नाहीतर तिचा चेहरा पाहून कोणीही विचारलं असतं, की बाई, तुम्हाला काय झालंय?

टाकी तिचीच. दाढ कोरायच्या मशीनचा आवाज ऐकून बाहेर बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून तिनं भिंतभर लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी बसवली होती. आत खडकांची रास, त्यावर जांभळी-पिवळी प्रवाळं, समुद्रफूल नावाचा एक फुलासारखा दिसणारा जीव, लाल पट्ट्यांची कोळंबी, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि केशरी पट्ट्यांच्या माशांची जोडी. पाण्यात किती मीठ, किती चुना, सगळं ती स्वतः मोजायची. पोटच्या पोरागत जपलेली टाकी होती ती. आता त्यातली प्रवाळं आक्रसून करड्या गाठी झाली होती, समुद्रफूल वाळूत रबराच्या फुटक्या फुग्यासारखं पडलं होतं, कोळंबी तर केव्हाच मेली होती. मासे मात्र ठणठणीत होते आणि इकडून तिकडे मजेत हिंडत होते.

लोकांनी याचा अर्थ लावला होता, की टाकी पेशंटांचं दुखणं ओढून घेते आणि आतले जीव ते सोसून मरतात. टाकीत काय झालंय हे खोलीत एकट्या डॉक्टरला ठाऊक होतं, आणि ते ती कोणाला सांगत नव्हती.

झालं होतं असं. वर्षानुवर्षं हत्यार धरून आणि वाकून काम करून तिचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. नणंदेनं एक कडं आणून दिलं. "वहिनी, घालून तर बघ. गुरुजींनी सिद्ध केलेलं आहे. अष्टधातूचं, साधं तांबं नव्हे." डॉक्टर तेव्हा हसली होती. "वन्सं, मी डॉक्टर आहे हो." पण एका संध्याकाळी बरणीचं झाकणही फिरवता येईना. दुखणाऱ्या माणसाला शिक्षण आठवत नाही. तिनं कपाट उघडलं, कडं काढलं, मनगटात चढवलं आणि वरून बाही ओढून घेतली. ग्लोव्ह घातला की कोणाला दिसणार होतं? घरी नणंदेनं मात्र ते पाहिलं होतं.

मग सुट्टीच्या दिवशी ती कोपरापर्यंत हात बुडवून टाकी साफ करत होती आणि ओल्या हातावरून कडं घसरलं. घसरलं ते थेट खडकांच्या मागे, फटीत. अशा टाकीत धातूची टाचणीसुद्धा पडू द्यायची नाही, तांबं तर नाहीच नाही, हा पहिला नियम. तो तिला तोंडपाठ होता. टाकीच्या पंपाची नळीसुद्धा तिनं प्लॅस्टिकची आहे याची खात्री करून घेतली होती. कडं काढायचं तर खडकांची सगळी रास उपसावी लागणार होती. शेजारच्या खोलीत फरशी पुसणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय शोधताय, डॉक्टर?"

"काही नाही," ती म्हणाली.

तिनं मनाची समजूत घातली, की ते काही साधं तांबं नाही, अष्टधातू आहे, त्यानं काय होतंय! ज्या कड्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, त्याच्या जाहिरातीवर मात्र तिनं सोयीपुरता विश्वास ठेवला.

आता खोलीत बाकाच्या मधोमध मानाच्या जागी बसल्या होत्या त्या गणिताच्या बाई. टाकीचा पहिला चमत्कार त्यांच्यावरच झाला होता. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, डॉक्टरलाही. फळ्यावर उत्तर लिहिलं की त्या विचारायच्या, "कशावरून?" त्या प्रश्नापुढे भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. पण बाईंना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे इंजेक्शनच्या सुईची. दाढ ठणकत असताना त्या टाकीसमोर बसल्या होत्या, आणि बसल्या बसल्या ठणका थांबला. त्याच वेळी कोळंबी उलटी झाली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि मावशींनी ती गाठ पक्की आवळली.

"अगं, अजूनही दुखत नाही," बाई डॉक्टरकडे पाहून म्हणाल्या. "मला स्वतःला पटत नाही, पण दुखत नाही हे तर खरं ना?"

दिवसचे दिवस ठणकणारी दाढ एकाएकी गप्प झाली, तर त्याचा अर्थ काय, हे दातांच्या कोणत्याही डॉक्टरला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. आतली नस मेली. ओरडणारा मेला म्हणून ओरडा थांबला. पू तिथेच आहे आणि खाली जबड्यात वाट शोधतोय. बाईंच्या जबड्याखाली किंचित फुगवटा आलेला डॉक्टरला दारातून दिसत होता.

"बाई, तुम्ही आत या पाहू," ती पुढे झाली. "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं, उलट..."

आणि नेमके तेव्हाच गुरुजी आले. पुढे नणंद, मागे एक गुटगुटीत शिष्य. लोक त्यांना कडेगुरू म्हणत. पांढरेशुभ्र कपडे, दोन्ही हातांत कोपरापर्यंत कडी, चालले की भांड्यांच्या दुकानात मांजर शिरल्यासारखा आवाज होई. टाकीची कीर्ती ऐकून ते मुद्दाम पाहायला आले होते. त्यांनी काचेवर तळवा टेकवला, मेलेल्या गोगलगायींवर नजर फिरवली आणि समाधानानं मान हलवली.

"आजार म्हणजे काय?" त्यांनी सुरुवात केली. "आजार म्हणजे कंपन! दात म्हणजे काय? शरीराची अँटेना! आणि समुद्राचा स्वभाव काय? ओढणे! विज्ञान अजून मागच्या स्टेशनवर तिकीट काढतंय, आम्ही पुढच्या स्टेशनवर चहा पिऊन बसलोय. ज्यांनी आमचं कडं घातलंय त्यांनी हात वर करा!"

बरेच हात वर झाले. प्रत्येक मनगटावर हिरवा पट्टा उमटला होता.

"हे हिरवं काय आहे?"

"विष!" लोक एका सुरात म्हणाले.

"कुठून आलं?"

"आतून!"

"सिद्धजलानं सकाळ-संध्याकाळ कडं पुसता ना? पुसत राहा. विष निघत राहील. आणि निघून संपलं की काय होतं, ते पाहा!" त्यांनी शिष्याचा हात उंच धरून कडं सरकवून दाखवलं. खालची कातडी स्वच्छ होती. "कोरं मनगट! रोगच उरला नाही, तर विष येणार कुठून? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

टाळ्या पडल्या. डॉक्टर टाळ्या थांबायची वाट पाहत होती. "बाई, चला," ती पुन्हा म्हणाली.

कडेगुरूंनी मान वळवली. आवाजात साखर घोळवून म्हणाले, "अरे, आपणच ना डॉक्टर? आपलं मनगट काय म्हणतंय? आज कडं दिसत नाही हातात?"

नणंदेनं कौतुकानं हसून मान डोलावली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळ्यांची नजर डॉक्टरच्या हाताकडे गेली. डॉक्टरनं बाही खाली ओढली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला त्या घटकेला कळलं. आता तोंड उघडलं की हा माणूस विचारणार, मग तुम्ही का घातलं होतं? आणि कडं आहे कुठे? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. तिनं मूठ झाकून ठेवली.

बाई मात्र तिच्याकडेच पाहत होत्या. "काय म्हणत होतीस गं तू? तू म्हणत असशील तर बसते मी खुर्चीत. भीती वाटते, पण बसते."

"राहू दे, बाई," डॉक्टर म्हणाली. "उद्या निवांत बघू."

बाई सुटल्यासारख्या हसल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. आला तो त्यांच्या भाच्याचा फोन. बाईंना गिळता येत नव्हतं, आडवं झालं की श्वास कोंडत होता. डॉक्टर हातातलं काम टाकून हॉस्पिटलात धावली. बाईंची हनुवटी आणि गळा यांच्यात फरक उरला नव्हता, सगळं एकसारखं सुजून ताठ झालं होतं. तिथल्या सर्जननं भाच्याला विचारलं, "इतके दिवस थांबलात कसे? कोणा डॉक्टरला दाखवलं नव्हतं?"

"दाखवलं होतं ना," भाचा साधेपणानं म्हणाला. "यांनाच."

सर्जननं तिच्याकडे पाहिलं आणि तो ऑपरेशनच्या खोलीत गेला. तिला वाटलं, त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गळ्याखाली चिरा देऊन पू काढावा लागला, दाढही काढावी लागली. बाई वाचतील की नाही हे रात्र उलटेपर्यंत कोणी सांगेना. सकाळी त्यांनी डोळे उघडले. गळ्याला बँडेज, त्यातून नळ्या निघालेल्या, आवाज खरखरीत. डॉक्टर खाटेशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. कडं, टाकी, खडकामागची फट, नस मेल्याचं ठाऊक असणं, बाही ओढून घेणं. सांगताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

"मी विचारलं होतं तुला," बाई हळूच म्हणाल्या.

"हो."

"हे तिथं सांगितलंस? त्या लोकांना?"

"नाही."

"मग इथं काय करतेस?" बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढच्या सकाळी दवाखान्यात कडेगुरूंचा 'महास्पर्श', म्हणजे सगळ्यांनी मिळून टाकीला हात लावायचा सोहळा, ठरला होता. दवाखाना डॉक्टरचा, पण परवानगी कोणी मागितली नव्हती आणि तिनं नाकारलीही नव्हती. गर्दी पार रस्त्यापर्यंत गेली होती. डॉक्टर बाहेर आली ती बाह्या वर चढवून, मास्कशिवाय, ग्लोव्हशिवाय. तिनं आधी मासे जाळीनं काढून दुसऱ्या पाण्यात सोडले. मग हात टाकीत घातला आणि खडक उपसायला लागली.

"अहो, काय करताय? मोडाल सगळं!" मावशी किंचाळल्या.

"धरा हा खडक, मावशी. खाली ठेवा."

शेवटचा खडक निघाला तशी तिनं फटीत बोटं घातली आणि कडं वर काढलं. त्याच्यावर हिरवं शेवाळी किटण जमलं होतं. तिनं ते सगळ्यांना दिसेल असं धरलं. "हे माझं कडं. मी घातलं होतं. लपवून घातलं होतं. टाकीत पडलं आणि मी ते लपवलं. तुमच्या गोगलगायी यानं मेल्या, कोणाच्या दाढेनं नाही."

पण कडेगुरू कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं दोन्ही हात उंचावले. "पाहिलंत! आमचंच कडं! टाकीत बसून सगळ्या गावाचं विष ओढत होतं! हिरवं झालंय बघा!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर रडायच्या बेतात होती. ती आत गेली आणि एक बरणी घेऊन आली.

"ही तांब्याची कापलेली नळी. एसी दुरुस्त करणारा इथं टाकून गेला होता. ही कोणाच्या हातात नव्हती, कोणाचं दुखणं हिनं पाहिलेलं नाही. वन्संकडच्या सिद्धजलात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळून मी रात्रभर ठेवली." तिनं फडकं उलगडलं. नळी हिरवी झाली होती, फडकंही हिरवं. "गुरुजी, या नळीला कोणता रोग झाला होता?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मावशींनी बरणीत नाक घातलं आणि झटकन मागे घेतलं. "अगंबाई! हे तर व्हिनेगर! मी मीठ घालून यानंच किटली लख्ख करते!"

"अष्टधातू म्हटलं, तरी या कड्यात आहे ते तांबंच. तांब्याला मीठ लागलं, आंबट लागलं, वारा लागला की हिरवं सुटतं," डॉक्टर म्हणाली. "तुमच्या घामात मीठ आहे, टाकीत समुद्राचं मीठ आहे. मनगटावर उमटलं तर पट्टा उमटतो, धुतला की गेला. टाकीत ते पाण्यात विरघळतं, आणि बिनहाडाच्या जिवांना ते थोडंसुद्धा सोसत नाही. आधी कोळंबी, गोगलगायी, प्रवाळं जातात. मासे टिकतात. टाकी दुखणं ओढत असती, तर मासे कसे सुटले असते? हे एवढंसुद्धा आपण कोणी विचारलं नाही."

"आणि माझ्या शिष्याचं मनगट?" कडेगुरू गरजला. "ते कोरं कसं?"

ते डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. तिनं शिष्याचा हात धरला, खिशातून दात तपासायची टोकदार सळई काढली आणि कड्याच्या आतल्या बाजूनं, दातावरचा थर खरवडावा तशी, हलकेच ओढली. एक पातळ पारदर्शक पापुद्रा निघाला. नणंद पुढे झाली. तिनं तो बोटावर घेतला, उजेडात धरला आणि तिचा चेहरा उतरला.

"हे नखांना लावायचं पॉलिश आहे. बिनरंगाचं. तांबं कातडीला लागतच नाही." ती कडेगुरूकडे वळली. "गुरुजी, माझ्या हातानं मी घरोघर कडी पोचवली हो."

गुरुजींना एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. शिष्य हात सोडवून पुढे पळाला आणि कड्यांचा खणखणाट रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू आला.

लोक हसायला लागले. डॉक्टर हसली नाही. "त्याला हसू नका," ती म्हणाली. "तो पोटासाठी खोटं बोलला. मी लाजेसाठी गप्प बसले. आपल्यातल्या एका बाईंची दाढ दुखायची थांबली होती. आतली नस मेली होती म्हणून थांबली होती, आणि ते मला ठाऊक होतं. मला इथं चारचौघांत माझ्या हातातल्या कड्याबद्दल विचारलं आणि मी घाबरून मागे सरले. परवा त्या बाईंचा गळा चिरावा लागला. दुखतं तेव्हा माणूस हाताला लागेल ते धरतो. मीही धरलं. पण धरलेलं खरं आहे का, हे विचारायला तरी आपण लाजू नये."

पोस्टमास्तर उठले, गाल चाचपत हळूच म्हणाले, "डॉक्टर, माझीही दाढ थांबलीय हो दुखायची."

"मग सगळ्यांच्या आधी तुम्ही आत या."

त्या दिवशी खुर्ची रिकामी राहिली नाही. टाकी मात्र वाचली नाही. खडकांतही तांबं मुरलं होतं, त्यात पुन्हा कोळंबी किंवा प्रवाळ जगणार नव्हतं. नणंद ओळखीच्या घरांतून कडी परत गोळा करायला गेली. काहींनी दिली, काहींनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी डॉक्टर हॉस्पिटलात गेली. बाई उशीला टेकून बसल्या होत्या.

"सांगितलंस?"

"सांगितलं, बाई. सगळं. माझं कडं, मी गप्प बसले ते, सगळं."

"आणि माझं?"

"तुमचं नाव नाही घेतलं. एक बाई, एवढंच म्हटलं. जन्मभर गणित शिकवलेल्या बाई गोगलगायीला भुलल्या, हे लोकांना कशाला सांगू?"

बाईंनी बँडेजवर हात ठेवला. बोलताना त्यांना त्रास होत होता, तरी त्या थांबल्या नाहीत. "तू तुझी लाज झाकलीस आणि मी या खाटेवर आले. आता माझी झाकशील, तर पुढच्या वेळी इथं कोण येईल? ज्यांना मी आयुष्यभर 'कशावरून' विचारायला शिकवलं, त्यांना हे कळलंच पाहिजे, की भीती वाटली तेव्हा मी स्वतःला तो प्रश्न विचारला नाही. उद्या नाव घेऊन सांग."